मोडलेला मणका आणि मोजणारे यंत्र



आज आम्ही जो विषय आपणांपुढे मांडणार आहोत तो घरोघरचा आहे. परंतु घरोघरचा असल्यामुळेच त्याला विषय असे कोणी मानीत नाही. घरातील वडीलधाऱ्या बाईच्या पाठीला पोक येते. पूर्वी बेताचे असलेले लुगडे आता पायांत लोळू लागते. फळीवरचा जो डबा सहज हाती येत असे तो येईनासा होतो. घरची मंडळी हे सारे पाहतात आणि 'वय झालं आता' एवढे म्हणून स्वस्थ बसतात. वास्तविक पाहता पुष्कळ वेळा ही नुसत्या वयाची खूण नसते, तर पाठीच्या कण्यातील एखादा मणका मोडल्याची खूण असते. हा मोडलेला मणका क्ष-किरणांच्या चित्रात, म्हणजे आपण ज्याला एक्स-रे म्हणतो त्यात, दिसू शकतो. तो शोधून त्याचे माप घेणारी संगणकाची सॉफ्टवेअरे अलीकडे निघाली आहेत. ती काय करतात, कोठे फसतात आणि त्यांच्या हाती किती कारभार द्यावा, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

प्रथम मणक्याची ओळख करून घेऊ. मानेचे ७, छातीमागचे १२ आणि कंबरेचे ५ असे २४ सुटे मणके एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक मणक्याचा पुढचा, भार वाहणारा भाग बाजूने पाहिला असता साधारण चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो. वरून कठीण भासणाऱ्या या ठोकळ्याच्या आत स्पंजासारखी बारीक काड्यांची जाळी असते. उतारवयात, आणि विशेषतः स्त्रियांची पाळी गेल्यानंतर, ही जाळी विरळ होते. या विकाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आपण साध्या भाषेत हाडे ठिसूळ झाली असे म्हणतो. अशा हाडाचा मणका हातापायाच्या हाडासारखा काडकन मोडत नाही. पत्र्याचा डबा वरून भार पडून चेपावा तसा तो चेपतो. पुढची बाजू खचली तर ठोकळ्याची पाचर होते, मधला भाग खचला तर वरखालच्या कडा आत वळतात, आणि सगळाच खचला तर ठोकळा चपटा होतो. पुढच्या बाजूने खचलेले दोनतीन मणके एकाखाली एक आले की पाठीला बाक येतो. ज्याला आपण पोक म्हणतो ते पुष्कळदा असे घडते.

मनगट मोडले तर माणूस ओरडतो, हात गळ्यात बांधून दवाखान्यात जातो. मणका मोडला तर तसे होतेच असे नाही. पडण्याचेही कारण लागत नाही. गादी उचलताना, बादली हलवताना, नुसते वाकताना तो खचतो. पाठीत कळ येते, घरचे म्हणतात उसण भरली, शेक होतो, लेप होतो, चार दिवस अंथरुणावर पडून राहणे होते. कळ ओसरते, मणक्याचा आकार मात्र परत येत नाही. कित्येकांना तर कळही येत नाही. मणक्यांच्या अशा अस्थिभंगांपैकी सुमारे एक तृतीयांशच वैद्यांच्या नजरेस येतात, हा अनेक देशांतील अभ्यासकांचा अनुभव आहे.

येथे कोणी विचारील की, जे दुखत नाही ते शोधून काढण्याचा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, मोडलेला एक मणका ही पुढच्या अस्थिभंगाची वर्दी असते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या स्त्रियांचा मणका नव्याने मोडला होता त्यांच्यापैकी सुमारे दर पाचांमागे एकीचा दुसरा मणका पुढच्या एका वर्षातच मोडला असे आढळले. मोडलेला मणका असणाऱ्यांना खुब्याचे हाड मोडण्याचा धोकाही अधिक असतो, आणि म्हातारपणी खुबा मोडणे म्हणजे काय हे ज्या घरात घडले आहे त्या घराला सांगावे लागत नाही. उलट, उपाय उपलब्ध आहेत. १९९६ साली अॅलेन्ड्रोनेट या औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत आधीच मणका मोडलेल्या २,०२७ स्त्रिया होत्या. सुमारे तीन वर्षांत, औषध न मिळालेल्या गटात १५ टक्के स्त्रियांचा नवा मणका मोडला, तर औषध मिळालेल्या गटात ८ टक्के स्त्रियांचा. पुढे २००७ साली वर्षातून एकदा शिरेतून देण्याच्या औषधाचाही चांगला गुण दिसून आला. म्हणजे पहिला मोडलेला मणका वेळीच ओळखला तर पुढचे पुष्कळसे मोडणे टळू शकते. 'वय झालं' या दोन शब्दांनी आपण जी संधी घालवतो ती ही.

आता चित्राकडे वळू. जर्मनीतील व्युर्ट्‌सबुर्ग येथे १८९५ च्या नोव्हेंबरात विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाचे हाड डोळ्यांना दिसू लागले. तेव्हापासून चित्र काढण्याची साधने सुधारत गेली आहेत. मग मोडलेले मणके सुटतात कसे? ते बहुधा सुटतात ते दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या चित्रात. खोकल्यासाठी छातीचे चित्र काढले जाते; वाचणारा डॉक्टर फुप्फुस पाहतो, हृदय पाहतो, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि पुढचे चित्र घेतो. बाजूने घेतलेल्या त्याच चित्रात मागे मणक्यांची रांग उभी असते, पण तिच्याविषयी त्याला कोणी विचारलेले नसते.

हा नुसता तर्क नव्हे. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रुग्णालयात दाखल झालेल्या ६० वर्षे व त्यांवरील वयाच्या ९३४ स्त्रियांची छातीची चित्रे पुन्हा तपासण्यात आली. त्यांत १३२ जणींच्या मणक्यांचे मध्यम किंवा तीव्र अस्थिभंग दिसले. त्या वेळी लिहिलेल्या अहवालांपैकी निम्म्यांतच त्यांचा उल्लेख होता, आणि घरी जाताना मिळालेल्या निदानात तो केवळ १७ जणींच्या कागदांवर उतरला. म्हणजे अस्थिभंग चित्रात होता, अर्ध्या अहवालांत होता, आणि घरी नेलेल्या कागदापर्यंत पोचता पोचता जवळजवळ नाहीसा झाला. हे आकडे आपण लक्षात ठेवू, कारण यंत्राची खरी परीक्षा शेवटी याच वाटेवर व्हावयाची आहे.

चित्रात मणका दिसला तरी तो मोडला आहे असे केव्हा म्हणावे? पूर्वी हे ज्याच्या त्याच्या नजरेवर असे, आणि अहवालही मोघम शब्दांत लिहिले जात. १९९३ साली सॅन फ्रान्सिस्को येथील हॅरी जेनंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. मणक्याची उंची २० ते २५ टक्क्यांनी कमी झाली असेल तर पहिली पायरी, २५ ते ४० टक्क्यांपर्यंत दुसरी, आणि ४० टक्क्यांच्या वर तिसरी. त्यांच्या पद्धतीत ही घट अनुभवी डोळ्याने अजमावयाची असते. ज्यांना नेमके माप हवे असते ते मणक्यावर सहा खुणा करतात, वरच्या कडेवर तीन आणि खालच्या कडेवर तीन, आणि पुढची, मधली व मागची अशा तीन उंच्या मोजतात. समजा, मागची उंची २६ मिलिमीटर आणि पुढची २० आली. ६ मिलिमीटरांची घट म्हणजे सुमारे २३ टक्के. तेव्हा हा मणका पहिल्या पायरीचा ठरला.

हिशेब तिसरीच्या मुलालाही जमेल असा आहे. कष्ट आहेत ते खुणा करण्यात. छातीच्या चौथ्या मणक्यापासून कंबरेच्या चौथ्यापर्यंत १३ मणके तपासावयाचे असतात. प्रत्येकी सहा म्हणजे एका माणसामागे ७८ खुणा. शेकडो चित्रे रोज वाचणाऱ्या माणसाने हे करावे ही अपेक्षाच व्यर्थ. सॉफ्टवेअरची गरज येथे उत्पन्न झाली.

संगणकाकडून चित्र वाचून घेण्याची कल्पना नवी नाही. १९६३ साली अमेरिकेतील ग्विलिम लॉडविक यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या क्ष-किरण चित्रांतील लक्षणांना आकडे देऊन ते संगणकापुढे ठेवण्याचा मार्ग मांडला होता. मणक्यांच्या बाबतीत महत्त्वाचे काम इंग्लंडातील मँचेस्टर विद्यापीठात झाले. तेथे टिम कूट्स, ख्रिस टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात आकार ओळखण्याची एक रीत बसवली. माणसाने हाताने खुणा केलेली अनेक चित्रे संगणकाला दाखवावयाची. त्यांवरून एखाद्या अवयवाचा सरासरी आकार कोणता आणि त्यात किती प्रकारचा फरक संभवतो हे तो काढतो. नव्या चित्रात तो कडांचा माग काढीत जातो, परंतु संभवनीय आकाराची मर्यादा सोडीत नाही. मूर्तिकाराला साच्याची माहिती असते, म्हणून अंधुक उजेडातही त्याचा हात नाकाच्या जागी नाकच शोधतो, तसेच हे. पुढे मार्टिन रॉबर्ट्‌स, कूट्स आणि क्ष-किरणतज्ज्ञ ज्युडिथ अॅडम्स यांनी हीच रीत मणक्यांना लावून दाखवली. या प्रकारात माणूस मणके कोठे आहेत ते दाखवून देतो आणि बारीक खुणा यंत्र करते; चुकलेली खूण माणूस सरकवतो.

२०१२ नंतर दुसरी रीत बलवत्तर झाली. तीत आकाराचे नियम कोणी सांगत नाही. हजारो चित्रे आणि प्रत्येकासोबत 'मोडलेला' किंवा 'न मोडलेला' असे तज्ज्ञाचे उत्तर यंत्राला दिले जाते आणि दोहोंतील भेद त्याने स्वतःच शोधावा अशी योजना असते. हिला सखोल शिक्षण म्हणतात. यंत्र झटपट शिकते, थकत नाही, आणि छातीच्या चित्रातही मणके पाहावयास विसरत नाही. खोकल्याच्या चित्रात जे कोणी विचारले नव्हते ते न विचारता सांगणे, हा आमच्या मते या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा उपयोग आहे. तज्ज्ञाहून अधिक सूक्ष्म पाहणे हा त्याचा गुण नाही. दर वेळी पाहणे हा त्याचा गुण आहे.

आता दुसरी बाजू. पहिली अडचण मापाचीच आहे. २५ मिलिमीटर उंचीच्या मणक्यात २० टक्के आणि २५ टक्के यांमधले अंतर सव्वा मिलिमीटर भरते. सगळी पहिली पायरी ही एवढ्याशा, मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेत बसलेली असते. खूण केसभर सरकली की निरोगी मणका मोडका ठरतो किंवा मोडका निरोगी. क्ष-किरण एका बिंदूतून पसरत येतात, म्हणून किंचित तिरक्या मणक्याची कड चित्रात दुहेरी दिसते. त्यांतली कोणती धरावी यावर माप फिरते. तेव्हा यंत्राने '२२.४ टक्के' असा दशांशापर्यंतचा आकडा छापला म्हणून तो दशांशापर्यंत खरा आहे असे समजू नये. सोनाराचा काटा हलत्या टेबलावर ठेवला तर त्याच्या बारीक वजनाला काय अर्थ!

दुसरी अडचण अधिक खोल आहे. उंची कमी असणे आणि मणका मोडणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. छातीच्या मधले आणि छाती-कंबरेच्या सांध्यावरचे मणके मुळातच पुढे थोडे निमुळते असतात. काहींना वाढीच्या वयात डेन्मार्कच्या शॉयरमान यांनी वर्णिलेला विकार होतो. त्यात मणके पाचरीसारखे होतात, पण ते ठिसूळपणाने मोडलेले नसतात. म्हणून २००४ साली शेफील्ड येथील संशोधकांनी असा आग्रह धरला की, नुसती उंची न मोजता मणक्याची वरची किंवा खालची पाटी मध्यभागी खचली आहे काय हे पाहावे. अनुभवी डॉक्टर हे पाहतो, रुग्णाचे वय विचारतो, जुने चित्र असेल तर शेजारी लावतो. पाच वर्षांपूर्वीही मणका असाच होता हे कळले तर पुष्कळ वेळा प्रश्नच मिटतो. केवळ सहा खुणांवर चालणाऱ्या यंत्राला हे पुसता येत नाही.

तिसरी अडचण शिकणाऱ्या यंत्राची. २०१९ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी खुब्याच्या अस्थिभंगाचे चित्र ओळखणारे यंत्र तपासले. उत्तरे चांगली येत होती. पण चित्र कोणत्या यंत्रावर काढले, रुग्ण कसा होता, या बाहेरच्या गोष्टी मोडलेल्या आणि न मोडलेल्या गटांत सारख्या करून पाहिल्या, तेव्हा त्याचे उत्तर नाणे उडवून कौल घेण्यापेक्षा फारसे बरे राहिले नाही. यंत्र हाडापेक्षा बाहेरच्या खुणांवरच भिस्त ठेवून चालले होते. परीक्षेत प्रश्न न वाचता मास्तरांच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखणारा विद्यार्थी आपल्या परिचयाचा असतो. शाळा बदलली की तो नापास होतो. म्हणून परदेशातील चित्रांवर शिकलेले सॉफ्टवेअर आपल्याकडे आणावयाचे तर आपल्या माणसांच्या, आपल्या दवाखान्यांतील जुन्यानव्या यंत्रांवर काढलेल्या चित्रांवर त्याची पुन्हा परीक्षा घेतलीच पाहिजे.

ही गोष्ट अशक्य नाही. क्षयाच्या बाबतीत हा मार्ग आपण पाहिला आहे. छातीच्या चित्रावरून क्षयाचा संशय सांगणारी सॉफ्टवेअरे, ज्यांत मुंबईच्या एका कंपनीचेही सॉफ्टवेअर आहे, अनेक देशांत स्वतंत्रपणे पारखली गेली. आणि २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यांवरील वयाच्या लोकांच्या चाळणी-तपासणीसाठी माणसाच्या जागी अशा वाचनाला मान्यता दिली. मात्र ही चाळणी होय. क्षयाचे निश्चित निदान पुढे थुंकीच्या तपासणीनेच करावयाचे. मणक्यांसाठीही हाच विवेक हवा.

चाळणी म्हणजे काय हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. १०० वृद्ध स्त्रियांपैकी १० जणींचा मणका मोडला आहे असे धरा. यंत्र दहांतील ९ बरोबर पकडते, आणि उरलेल्या ९० निरोगी स्त्रियांपैकी ९ जणींना चुकून मोडका मणका लावते. ऐकताना हे यंत्र फार चांगले वाटते. पण त्याने नावे काढलेल्या १८ जणींपैकी निम्म्या निरोगी आहेत! यंत्राच्या शब्दावर औषध सुरू करावयाचे तर त्या नऊजणींवर अन्याय होईल. त्याचा शब्द मुळीच ऐकला नाही तर दुसऱ्या नऊजणींवर. यावर तोड एकच. यंत्राने बोट दाखवावे, माणसाने चित्र पाहून सही करावी. शंभर चित्रांऐवजी अठरा चित्रे बारकाईने पाहणे हे डॉक्टरला शक्य आहे. आणि सही ज्याची, जबाबदारी त्याची, हा आपला व्यवहारातला जुना नियम येथेही चालू राहतो.

परंतु सही झाल्यावर तरी काय होते? मघाचे ते १७ आठवा. अर्ध्या अहवालांत अस्थिभंग लिहिलेला असूनही तो रुग्णापर्यंत पोचला नव्हता. त्या ठिकाणी डोळा कमी पडला नव्हता, निरोप पोचवणारा माणूस कमी पडला होता. हे ओळखून स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे १९९९ साली एक व्यवस्था सुरू झाली. ज्यांचे हाड मोडले आहे अशा ५० वर्षांवरील रुग्णांना हुडकून, त्यांची तपासणी व उपचार होतात की नाही हे पाहण्याचे काम खास नेमलेल्या परिचारिकांकडे दिले गेले. ही पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या रुग्णालयाने आधी स्वतःला विचारावे की, यंत्राने नाव काढलेल्या बाईला निरोप कोण देणार, तिची हाडांची घनता कोण तपासणार, आणि तीन महिन्यांनी ती औषध घेते आहे काय हे कोण पाहणार? या प्रश्नांना उत्तर नसेल तर यंत्र फक्त एक नवा आकडा तयार करील आणि तो जुन्या आकड्यांबरोबर फायलीत पडून राहील.

हे सारे होईल तेव्हा होवो. आपल्या हाती आज काय आहे? दोन साध्या गोष्टी आहेत. घरातील वृद्धांची उंची वर्षातून एकदा भिंतीशी उभे करून मोजावी. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ती ४ सेंटिमीटरांहून अधिक घटली असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे आणि मणक्यांची तपासणी करावी काय असे विचारावे. आणि घरात कपाटामागे जी जुनी क्ष-किरण चित्रे पडलेली असतात ती टाकून देऊ नयेत. नवे चित्र काढावयास जाताना ती बरोबर न्यावीत. नवा मोडलेला मणका आणि जुना बाक यांतला फरक ठरवताना त्यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

यंत्राचे भय बाळगण्याचे कारण नाही आणि त्याची पूजा बांधण्याचेही नाही. ते न थकता पाहील, एवढे काम त्याचे. पाहिलेले खरे की खोटे हे ठरवणे डॉक्टरांचे. आणि आजीबाईंच्या पाठीकडे पाहून 'वय झालं' असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबणे हे आपल्या सर्वांचे.